पुडीच्या पाठीवर

समोर बाई असते, केस वाऱ्यावर सोडलेली.
मागं मुंगीएवढी अक्षरं.
जतमध्ये, स्टँडच्या मागं, पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर
बारा वर्षं पार्लर चालवतेय मी.
बारा वर्षं समोरचीच बाजू वाचली.

परवीन मुल्ला दुपारची येते मदतीला.
सकाळी कॉलेज, केमिस्ट्री.
तिनं पुडीचा फोटो काढला
आणि दोन बोटांनी अक्षरं ताणली.

पहिलं नाव, अ‍ॅक्वा.
हे काय गं?
"पाणी, ताई."
नुसतं पाणी?
"सगळ्यात जास्त जे, ते सगळ्यात आधी लिहितात."
मला हसू आलं.
टँकरवाल्याला फोन करून दोन दिवस झाले,
आणि माझ्या कपाटात पाणीच पाणी,
रुपयाला एक, माळेत लटकवलेलं.

मग सोडियमचं ते नाव, मालगाडीएवढं.
"हा फेस काढतो. एका हातानं तेल धरतो, दुसऱ्यानं पाणी."
म्हणजे सोयरिकी जमवणारी आमची दोडव्वा.
"पण जास्त झाला, की टाळूचं स्वतःचं तेलही घेऊन जातो."
दोडव्वाही लुगडं घेतल्याशिवाय उठायची नाही.

त्याच्या खाली कोकोनं सुरू होणारं काहीतरी.
"नारळापासून काढलेलं.
पण आता त्याला नारळ म्हणता येत नाही."
लग्नात माझंही नाव बदललं होतं.
मी काही बोलले नाही.

मग चार सुटी अक्षरं: ई, डी, टी, ए.
"हे बोअरच्या पाण्यातला चुना पकडून ठेवतं."
मी बादलीच्या काठावरची पांढरी रेघ दाखवली.
"एवढा नाही धरत," परवीन म्हणाली.

परफ्यूम, एकच शब्द.
आत किती जण, सांगायचं बंधन नाही म्हणे.
सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव,
घरात किती चुली, कोण मोजणार!
आणि शिकेकाई,
जिच्या शेंगा समोर झुपकाभर छापल्यात,
ती इथं शेवटून दुसरी.

असं हसत हसत चाललं होतं.

मग तिनं ती उंच पांढरी बाटली उचलली.
केस सरळ करायची. मिरजेहून आणलेली, साडेतीन हजारांची.
समोर ठळक: फॉर्मॅलीन नाही.
मागं बघता बघता परवीन गप्प झाली.
झाकण उघडलं, हुंगलं, हात लांब केला.
"ताई, आमच्या लॅबात बेडकांची बरणी आहे ना,
हा तिचा वास."
मी म्हटलं, नाही लिहिलंय की.
"मिथिलीन ग्लायकॉल लिहिलंय.
ते पाण्यात विरघळलं की त्याचं नाव असं होतं.
तापवलं, की परत ते ते."

तापवते मीच.
दोनशे तीस डिग्रीला, बट बट धरून.
ती वाफ. माझे डोळे.
तीन वर्षं मी म्हणतेय, जागरण होतंय.
डॉक्टरांनी थेंब दिले, तेही संपवले.
मंगरुळ्यांच्या सुनेनं खोकत विचारलं होतं,
ताई, खिडकी उघडू का?
मी म्हणाले, नको गं, धूळ येते.

उद्या साडेदहाला उमदीची नवरी आहे.
आगाऊ पैसे दिलेत. त्यांचा गॅस आणलाय.

परवीन खाली सांडलेले केस झाडायला लागली,
जसं काही तिनंच सांडले होते.

खिडकीची कडी गंजून बसलेली.
मी तिच्यात खोबरेल सोडलं,
बाटलीच्या मागं एकच नाव असलेलं,
आणि लाटण्यानं ठोकत राहिले.
उघडली.
आली धूळ, आला रसवंतीचा घुंगरू, वडाप भरणाऱ्यांची हाळी.

मग नवरीला फोन लावला.
सगळं सांगितलं, मला सांगता आलं तेवढं.
पलीकडे बराच वेळ नुसती भांडी वाजली.
"मग माझ्या केसांचं काय?"
आहेत कसे?
"कुरळे. आईसारखे."
ये तर, म्हटलं. धुऊन नको येऊस.
इथं पाणी नाही, पण बघू.